तंबोऱ्याची घडण

गिटार बनवू पाहणाऱ्या नवशिक्याच्या हाती निदान एक गणित असते. तारेची लांबी ठरली की पडदे कोठे बसवावयाचे ते ठरते. प्रत्येक पडद्याशी उरलेल्या लांबीचा सुमारे १७.८ वा भाग वजा करीत गेल्यास बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो आणि तेथे तारेचा सूर एक सप्तक वर चढतो. तंबोऱ्याला पडदेच नाहीत. चार तारा एकामागून एक मोकळ्याच छेडावयाच्या, बोटाने त्या कोठेही दाबावयाच्या नाहीत. तेव्हा हे वाद्य बनविण्यास सोपे असावे, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात येथे गणिताचा आधार सुटतो आणि सारी भिस्त हातावर व कानावर येऊन पडते.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव या वाद्यासाठी प्रसिद्ध आहे. शस्त्रांना धार लावून त्यांची डागडुजी करणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर एकोणिसाव्या शतकात वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि पुढे वाद्ये घडविण्याकडे वळले. त्यांत फरीदसाहेब यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई मिरजेत राहिल्यामुळे कारागिराच्या कामाची पारख करणारा कानही गावातच लाभला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा पहिला भाग कारागीर घडवीत नाही. तो शेतात वाढतो. पंढरपूर व मंगळवेढे या बाजूंस जाड सालीचे कडू भोपळे होतात. पूर्ण वाळलेला, निर्दोष सालीचा आणि हवा तेवढा घेर असलेला भोपळाच उपयोगी पडतो. तो कापून, भिजवून, आतील गर खरवडून काढतात. सालीस कोठे सूक्ष्म चीर राहिली तर पुढील सारे श्रम वाया जातात. त्यामुळे भोपळा पारखणे हाच शिकाऊ मुलाचा पहिला धडा म्हणता येईल. भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर तुणीच्या लाकडाची तबली बसते आणि वरच्या बाजूस गळ्याशी पोकळ दांडी जोडली जाते.

तार बारीक असल्याने ती स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीतून तबलीत उतरते. तबलीचा विस्तृत पृष्ठभाग आणि भोपळ्यातील कोंडलेली हवा मिळून ते ऐकू येण्याजोगे करतात. म्हणून तबलीची जाडी महत्त्वाची. ती जाड राहिली तर आवाज बसका येतो. फार पातळ केली तर चार तारांच्या ताणाखाली दबते. हा ताण पेलण्यासाठीच तबलीला किंचित फुगवटा ठेवतात. रंधा कोठे थांबवावा हे तबलीवर बोटाने ठोकून ऐकूनच ठरते.

लाखेची नक्षी, खुंट्या, रंग ही कामे दिसावयास मोठी, पण चिकाटीने साधणारी आहेत. खरी कसोटी घोडीवर लागते.

गिटारच्या तारेचा घोडीकडील आधार अरुंद असतो. त्यामुळे तारेचे टोक एका जागी पक्के राहते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिची पाठ तारेच्या दिशेने अगदी हलक्या उतारात वळविलेली असते. तार खाली येताना या पाठीवर थोडी टेकत जाते, वर जाताना सुटते. म्हणजे तिची मोकळी लांबी प्रत्येक आंदोलनात बदलत राहते. या वारंवार होणाऱ्या स्पर्शामुळे मूळ स्वराबरोबर वरचे अनेक उपस्वर झळाळून उठतात. हीच जवारी.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या घोडीकडे पदार्थवैज्ञानिकांचे लक्ष वेधले. टॉमस यंगच्या नियमानुसार, ज्या बिंदूपाशी एखाद्या उपस्वराचे कंपन शून्य असते तेथेच तार छेडली तर तो उपस्वर उमटू नये. उदाहरणार्थ, तार मध्यावर छेडल्यास दुसरा आणि चौथा उपस्वर मिळू नयेत. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात! नियम चुकलेला नाही. तो टोके पक्की असलेल्या तारेसाठी आहे आणि येथील एक टोक पक्के नाही, एवढेच.

हा वळसा कानशीने काढतात. पाठ सपाट राहिली तर तार नुसती खरखरते व लवकर विझते. उतार अधिक झाला तर ती टेकतच नाही आणि स्वर कोरडा येतो. या दोहोंमधील अंतर इतके थोडे आहे की कारागीर दोनचार हात घासतो, तार चढवितो, ऐकतो आणि पुन्हा उतरवितो. घासून गेलेले परत आणता येत नाही. फार गेले तर नवी घोडी घ्यावी लागते. म्हणूनच हे काम शिकाऊ मुलाच्या हाती सर्वांत शेवटी येते. विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याने गवयाची सोय झाली, हे खरे. पण घरोघरचे तंबोरे कोपऱ्यात गेल्यास हा कान तयार होण्याची संधीच उणावते.

पाठ साधली की तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवितात. तो केसभर मागेपुढे करताना एका जागी आवाज एकाएकी खुलतो. तेथे धागा सोडून पुढच्या तारेकडे वळावयाचे. चारही तारांना आपापली जागा असते, आणि वाजवून वाजवून तारांनी घोडीवर खाचा पाडल्या की सारे काम पुन्हा आरंभापासून करावे लागते.