हिरोशिमाचं हट्टी इंजिन

माझदाची आरएक्स-८ बाळगणारी माणसं पेट्रोल पंपावर टाकी भरता भरता बॉनेटही उघडतात आणि डिपस्टिक पुसून ऑइल बघतात. इतर गाड्यांचे मालक हे काम सर्व्हिसिंगवर सोडून देतात. आरएक्स-८ वाल्यांना ते परवडत नाही, कारण तिचं इंजिन ऑइल जाळतं. हा बिघाड नव्हे, इंजिनाची रचनाच तशी आहे. थंड इंजिन सुरू करून गाडी दोन हात पुढे घ्यायची आणि लगेच बंद करायची, हेही तिला चालत नाही. पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. इंजिन नीट तापलं की मात्र फेऱ्यांचा काटा अधूनमधून लाल रेषेपर्यंत न्यायलाच हवा, असं जुने मालक नव्यांना बजावतात. अ‍ॅव्हरेजबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलतात. आणि इतकं सोसूनही गाडी विकायची वेळ आली की त्यांच्या पोटात तुटतं.

माझदाबद्दलच्या या तक्रारी आणि हा लळा, दोन्हींचं मूळ एकच आहे. मोठ्या कंपनीत विरघळून जायचं नाही, म्हणून हिरोशिमाच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याने साठच्या दशकात जे इंजिन कुणालाच नीट जमत नव्हतं ते पत्करलं. माझदाची पुढची साठ वर्षं त्या निर्णयाने घडवली.

सुरुवात झाली ती बुचापासून. ३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमात ‘टोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिची सूत्रं जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. कोळ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस लहानपणी ओसाकात लोहाराच्या हाताखाली राबला होता, आणि त्याचं मन रमायचं ते यंत्रात. १९२७ मध्ये कंपनीच्या नावातून कॉर्क गेलं आणि १९३१ मध्ये कारखान्यातून मालवाहू तीनचाकी बाहेर पडली. तिचं नाव ‘माझदा-गो’. पारशी धर्मातल्या अहुर माझदावरून आणि मात्सुदा या आडनावाला जुळणारं म्हणून ते घेतलं होतं.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या सकाळी सव्वाआठ वाजता शहरावर अणुबॉम्ब पडला. कारखाना शहराला लागून असलेल्या फुचूमध्ये, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि मधे हिजियामा ही टेकडी होती. इमारती बऱ्याचशा उभ्या राहिल्या. जुजिरो वाचले, पण त्यांचा धाकटा मुलगा आणि अनेक कामगार गेले. शहरात कचेरी म्हणावी अशी जागाच उरली नव्हती, त्यामुळे प्रांताचं सरकारी कामकाज जवळजवळ वर्षभर या कंपनीच्या इमारतीतून चाललं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकीचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. राखेतून उठणाऱ्या शहराचं सामान याच गाड्यांनी वाहिलं. हिरोशिमात माझदाकडे आजही जी आपुलकी दिसते, तिला ही पार्श्वभूमी आहे. शहराच्या ‘टोयो कार्प’ या बेसबॉल संघाच्या नावातलं ‘टोयो’ याच कंपनीचं.

१९६० मध्ये माझदाची पहिली प्रवासी मोटार आली. आर-३६० ही ३५६ सीसीची इवलीशी गाडी तीन लाख येनला मिळायची. पण लगेचच टोकियोहून वेगळं संकट आलं. परदेशी गाड्यांना बाजार खुला होण्याआधी देशातल्या मोटार कंपन्यांचं एकत्रीकरण व्हावं, मोजकेच मोठे गट उरावेत, असं व्यापार व उद्योग मंत्रालयाच्या मनात होतं. तीनचाक्या बनवणाऱ्या हिरोशिमाच्या कंपनीचं त्यात काय झालं असतं, हे उघड होतं. जुजिरो यांचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. आपल्यापाशी दुसऱ्या कुणाजवळ नाही असं तंत्र असेल तरच आपण वाचू, हे त्यांनी ओळखलं. ते जर्मनीला गेले आणि फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनासाठी त्यांनी एनएसयू कंपनीशी करार केला.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि त्याची ही ये-जा क्रँकमार्फत गोल फिरण्यात बदलावी लागते. वांकेल यांच्या इंजिनात पिस्टनच नाही. मधे किंचित आवळलेल्या, दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तिन्ही टोकं भिंतीला सतत टेकलेली राहतात आणि भिंत व रोटर यांच्यातल्या तीन जागा आळीपाळीने लहानमोठ्या होत जातात. पेट्रोल आणि हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं ही सगळी कामं त्यातच होतात. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. इंजिन लहान, हलकं आणि फिरायला कमालीचं गुळगुळीत. कागदावर ते इतकं देखणं होतं की जगातल्या बऱ्याच कंपन्यांनी त्याचे परवाने घेतले.

गोम होती ती त्या तीन टोकांत. प्रत्येक टोकावर बसवलेली पट्टी, म्हणजे ‘अ‍ॅपेक्स सील’, भिंतीवर घासत जाताना थरथरायची आणि भिंतीच्या मुलाम्यावर ओरखडे पाडायची. काही तास चालल्यावर इंजिन निकामी व्हायचं. माझदाच्या लोकांनी त्या ओरखड्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटलं. एप्रिल १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरीसाठी वेगळा विभाग उभा राहिला. त्यात ४७ अभियंते होते. धन्याच्या सूडासाठी प्राण देणाऱ्या ४७ रोनिन सामुराईंची कथा जपानमध्ये घराघरात ठाऊक आहे. या तुकडीला तेच नाव पडलं. पट्टी आतून पोकळ केली तर तिची थरथर बदलते, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ओरखडे थांबले. पुढे कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी निप्पॉन कार्बन या कंपनीच्या मदतीने तयार झाली. ३० मे १९६७ रोजी दोन रोटर असलेली ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीला आली. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर सलग ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक शेवटच्या टप्प्यात बाद झाली, दुसरी चौथी आली.

मूळ शोध जिच्या घरचा त्या एनएसयूचं नशीब मात्र उलटं निघालं. तिची आरओ-८० ही गाडी १९६७ मध्येच आली आणि नावाजलीही गेली, पण पट्ट्या झिजल्याने इंजिनामागून इंजिन बदलून द्यावं लागलं. १९६९ मध्ये ती कंपनी फोक्सवॅगनच्या गटात विलीन झाली. यामामोतोंच्या लोकांनी बारीक भेगांत आणि मुलाम्याच्या थरांत घालवलेल्या वर्षांचं मोल यावरून कळतं.

रोटरीचा दुसरा दोष मात्र सहजी सुटण्यातला नव्हता. तिची ज्वलनाची जागा लांबट, चपटी आणि सतत सरकणारी असते. ज्योत कडेपर्यंत नीट पोचत नाही, उष्णता भिंतीत जाते, पेट्रोल वाया जातं. शिवाय पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल मुद्दाम ज्वलनाच्या जागेत सोडावं लागतं. मालक डिपस्टिक तपासतात ती म्हणूनच. थंड इंजिन झटकन बंद केलं की न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं, मग दाब तयार होत नाही आणि गाडी सुरू होत नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने हा दोष चव्हाट्यावर आणला. अमेरिकी सरकारने जाहीर केलेल्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्यांत माझदा तळाशी दिसली आणि विक्री कोसळली. कंपनी बुडण्याच्या बेतात असताना सुमितोमो बँक मदतीला धावली. कारखान्यातल्या हजारो कामगारांना गाड्या विकण्यासाठी देशभरच्या विक्रेत्यांकडे धाडलं गेलं. मात्सुदा घराण्याकडून अध्यक्षपद गेलं आणि १९७९ मध्ये फोर्डने सुमारे चतुर्थांश हिस्सा घेतला. इथे रोटरी गुंडाळून ठेवली असती तर कुणी दोष दिला नसता. माझदाने रोजच्या गाड्यांना साधी पिस्टन इंजिनं बसवली आणि रोटरी एका हलक्या स्पोर्ट्‌स कारसाठी राखून ठेवली. १९७८ ची आरएक्स-७ ती हीच. तीन पिढ्यांत तिच्या आठ लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या.

मग आलं १९९१ चं ल माँ. फ्रान्समधल्या या चोवीस तासांच्या शर्यतीत माझदा बरीच वर्षं हात हलवत परतत होती. त्या जूनमध्ये चार रोटरची ७८७-बी, ५५ क्रमांकाची नारिंगी-हिरवी गाडी घेऊन फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो उतरले. पुढे असलेल्या मर्सिडीजचं इंजिन शेवटच्या काही तासांत तापून बंद पडलं. माझदा ३६२ फेऱ्या पुऱ्या करून पहिली आली. शेवटचा टप्पा हर्बर्टने एकट्याने ओढला. त्याच्या अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की गाडीतून उतरताच तो कोसळला आणि विजयाच्या मंचावर त्याला उभंही राहता आलं नाही. जपानी कंपनीचा ल माँमधला हा पहिला विजय. त्यानंतर दुसरा, टोयोटाचा, यायला २०१८ उजाडलं.

विजयानंतरचा काळ सुखाचा गेला नाही. जपानी भरभराटीच्या दिवसांत माझदाने पाच वेगवेगळ्या नावांनी विक्रीची जाळी उभी केली होती, ती अंगाशी आली. १९९६ मध्ये फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्क्यांवर गेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीच्या खुर्चीत बसणारे ते पहिले परदेशी. या सगळ्या पडझडीत कंपनीला नाव मिळवून दिलं ते १९८९ च्या एमएक्स-५ या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीने. तिला साधं पिस्टन इंजिनच आहे, पण ती इतकी हलकी आणि हाताला इतकी नेमकी लागते की २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. तिच्या मालकांची खरी लढाई गंजाशी असते. आसनांमागच्या कापडी टपाखाली पाणी वाहून जायची छिद्रं असतात. ती पाल्याने तुंबली की दाराखालचा पत्रा आतून सडतो. जाणकार मालक ती छिद्रं वेळोवेळी मोकळी करतात. पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची सोय माझदाने जपानमध्ये स्वतःच सुरू केली, हे त्या मालकांच्या चिकाटीला मिळालेलं उत्तर आहे.

आरएक्स-८ च्या मालकांचा अनुभव याहून कडवट आहे. २००३ मध्ये आलेली ही चार दारांची रोटरी चालवायला अप्रतिम. पण अनेकांची इंजिनं लवकर दाब सोडू लागली. अमेरिकेत कंपनीला इंजिनाची हमी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. सेकंडहँड आरएक्स-८ घेणारा शहाणा माणूस रंग आणि टायर बघण्याआधी दोन्ही रोटरच्या प्रत्येक बाजूचा दाब मोजून मागतो. आकडे कमी आले की सौदा तिथेच थांबतो. या गाडीच्या बाबतीत माझदाने ग्राहकांवर जरा जास्तच भार टाकला, असं म्हणावं लागतं. इंजिनाची पथ्यं विक्रेत्यांनी काउंटरवरच समजावून दिली असती, तर कितीतरी इंजिनं वाचली असती.

रोजच्या माझदा गाड्यांबद्दलचा सूर निराळा आहे. स्टिअरिंग, बसायची ठेवण आणि आतली कारागिरी यांचं कौतुक होतं. माझदा-३ च्या मागच्या सीटवरची अडचण आणि रस्त्याचा आवाज यांवर नाराजी ऐकू येते. थंड, मीठ टाकलेल्या रस्त्यांच्या देशांत पहिल्या माझदा-३ ची मागची मडगार्डं गंजली, ती लोक विसरलेले नाहीत. दुसरीकडे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ने विश्वासार्हतेत माझदाला पहिलं स्थान दिलं. चालवताना बोट लावायच्या पडद्याऐवजी हाताशी येणारं गोल बटण द्यायचं, हा माझदाचा आग्रहही मालकांना आवडला होता. २०२५ मध्ये दाखवलेल्या नव्या सीएक्स-५ मध्ये मात्र ते बटण गेलं आणि मोठा पडदा आला.

माझदाच्या मोटारी भारतात विक्रीला आल्याच नाहीत. इथे हे नाव ओळखीचं झालं ते ऐंशीच्या दशकातल्या स्वराज माझदाच्या ट्रक आणि मिनीबसमुळे. पंजाब ट्रॅक्टर्सबरोबरच्या त्या भागीदारीतून पुढे माझदा बाहेर पडली, इसुझू आली आणि नावही बदललं. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र माझदा-३ चांगलीच परिचयाची. २०११ आणि २०१२ मध्ये तिथे सर्वाधिक खपलेली गाडी तीच होती.

आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं तेव्हा रोटरी संपली असं बहुतेकांनी धरलं होतं. २०२३ मध्ये ती एमएक्स-३० आर-ईव्हीमध्ये परतली. यात ८३० सीसीचा एकच रोटर आहे आणि तो चाकं फिरवत नाही, बॅटरी संपत आली की वीज तयार करतो. लहान जागेत मावणं हा तिचा जुना गुण इथे कामी आला. रोटरीवर जीव असलेल्यांचं एवढ्याने समाधान होणार नाही, हे कंपनी जाणते. त्याच वर्षी टोकियोच्या प्रदर्शनात ‘आयकॉनिक एसपी’ ही दोन रोटरची संकल्पना-गाडी मांडली गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रोटरीच्या विकासासाठी वेगळी तुकडी पुन्हा उभी राहिली. तिच्यापुढचं पहिलं काम आहे धुराच्या कडक नियमांत हे इंजिन बसवणं.