बरं वाटू लागतं तेव्हा

कढीपत्त्याच्या फोडणीचा वास जिला दोन महिने स्वयंपाकघरातून पळवून लावत होता, तीच बाई चौथा महिना लागल्यावर एके दिवशी स्वतः कढी फोडणीला टाकते आणि दोन वाट्या पिऊन मोकळी होते. घरातल्या बायका सुटकेचा श्वास टाकतात: कडक डोहाळे सरले. या बदलाचं एक कारण म्हणजे एचसीजी हे संप्रेरक. गर्भ रुजल्यापासून ते झपाट्यानं वाढतं, दहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि मग उतरू लागतं. पण मळमळीचा सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. 2023 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानं जीडीएफ-15 या दुसऱ्या एका रेणूकडे बोट दाखवलं. गरोदरपणात तो मुख्यतः वारेतून आईच्या रक्तात येतो. गरोदर होण्याआधी जिच्या रक्तात तो कमी होता, तिला त्याचा जास्त त्रास होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ‘नाटकं करते’ म्हणणाऱ्यांसाठी आता रक्तातला पुरावाही आहे.

तर चौथा, पाचवा आणि सहावा हे गरोदरपणातले बरे महिने. भूक लागते, झोप येते, पोट अजून आडवं येत नाही. या महिन्यांची गंमत अशी, आणि थोडा धोकाही असा, की आईला जे जाणवतं आणि आत जे चाललेलं असतं, त्यांचा मेळ फारसा बसत नाही.

बाळाच्या हालचालीचंच घ्या. पहिलटकरणीला ती साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते. कुणी म्हणतं बुडबुडे आल्यासारखं, कुणी म्हणतं आतून कुणी टिचकी मारल्यासारखं. बऱ्याच जणींना तर पहिले काही दिवस हा गॅसच वाटतो. आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघावं, तर गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलत असतो. दहा-बारा आठवड्यांचा असताना तो हातपाय झाडतो, वळतो, उचक्या देतो. पण तेव्हा तो जेमतेम एक-दोन इंचांचा असतो, गर्भजलात तरंगत असतो आणि गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडांमागे दडलेली असते. त्याच्या लाथेचा धक्का पोटाच्या भिंतीपर्यंत पोचावा, एवढं वजन त्यात नसतं. विसाव्या आठवड्याला गर्भपिशवीचं टोक बेंबीपाशी येतं, बाळ तीनशे ग्रॅमच्या आसपास जातं, तेव्हा कुठे निरोप पोचतो.

लेकुरवाळीला हीच हालचाल दोनेक आठवडे आधी, सोळाव्या-सतराव्यालाही कळते. तिला ओळख असते, हे त्यातलं मोठं कारण. वार गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीला असेल तर मात्र अनुभवी बाईलाही उशीर होतो, कारण लाथ आधी त्या जाड गादीवर बसते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘अँटीरिअर प्लासेंटा’ असे शब्द दिसले की घाबरायचं कारण नाही. जावेला सोळाव्यात कळलं आणि मला अजून काहीच नाही, या तुलनेनं किती जणींच्या झोपा उडतात! सहाव्या महिन्याच्या मध्यापर्यंत हालचाल अनियमित असते, दिवसभर काहीच न जाणवणंही चालतं. चोविसावा आठवडा संपला तरी एकदाही काही जाणवलं नाही, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. आणि एकदा हालचाल ओळखीची झाल्यावर ती मंदावली, तर त्याच दिवशी जायचं.

आता रक्त. इथे गोंधळ आणखी मोठा आहे. तब्येत सुधारलेली, गालांवर तेज आलेलं, आणि हिमोग्लोबिन तपासावं तर पहिल्या तपासणीपेक्षा खाली. ‘खाते काय ही?’ अशी विचारणा लगेच सुरू होते. खरं तर या काळात रक्त वाढत असतं. रक्तातला द्रव भाग गरोदरपणात निम्म्याच्या आसपास वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण वीस ते तीस टक्क्यांनीच. पेशी वाढूनही रक्त पातळ होतं आणि एका डेसिलिटरमागचं हिमोग्लोबिन घटतं. या पातळ होण्यात शहाणपण आहे. असं रक्त वारेतल्या बारीक पोकळ्यांतून सहज फिरतं, आणि बाळंतपणात जाणारं अर्धा लिटर रक्त सोसायची तयारीही होऊन जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मधल्या तिमाहीसाठी रक्तक्षयाची रेषा 11 ऐवजी 10.5 ग्रॅमवर ठेवली आहे.

पण एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तिथे नऊही महिन्यांसाठी 11 चीच रेषा लावलेली आहे. त्यामुळे मधल्या महिन्यांतल्या काही जणी केवळ रक्त पातळ झाल्यामुळे मोजल्या गेल्या असतील, हे मान्य केलं तरी उरलेला आकडा लाज आणणारा आहे. गरोदरपणात एकूण सुमारे एक ग्रॅम लोह जास्तीचं लागतं आणि त्यातलं बहुतेक दुसऱ्या अर्ध्यात. रक्तवाढीच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात त्या याचसाठी: रोज एक, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, निदान 180 दिवस. आशाताई पाकीट घरी आणून देते. पुढचं काम अवघड असतं. गोळीनं शौचाला काळी होते, पोट गच्च होतं, तोंडाला धातूची चव येते. आणि नेमकं याच महिन्यांत बाकी सगळं बरं वाटत असतं, म्हणून पाकीट फ्रीजवर राहून जातं. गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तरी तेच. लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घेतली तर थोडी सोसतेही आणि लिंबामुळे लोह शोषलंही जातं. माती, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खावासा वाटणं हा डोहाळ्यांतला लाडिक प्रकार समजू नये. त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते, तेव्हा डॉक्टरांना हे न लाजता सांगावं.

रक्त वाढतं, तशा रक्तवाहिन्याही सैल पडतात. रक्तदाब चौथ्या-पाचव्या महिन्यात नेहमीपेक्षा थोडा खाली असतो. रेशनच्या रांगेत उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळे.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट सांगायलाच हवी. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तिथे एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायकांनी काय खाल्लं, किती काम केलं, याच्या नोंदी अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला घेतल्या गेल्या. म्हणजे एकदा याच मधल्या महिन्यांत आणि एकदा ते संपताना. गरोदर राहण्याआधी या बायकांचं सरासरी वजन जेमतेम बेचाळीस किलो होतं आणि बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्या आतली. संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा बाळाच्या वजनाचा संबंध एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी फारसा जुळेना. जुळला तो दूध, फळं आणि हिरव्या पालेभाज्या यांच्याशी. अठराव्या आठवड्याला दूधदुभतं आणि अठ्ठाविसाव्याला पालेभाज्या-फळं जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं भरलेली निघाली, आणि आई जितकी अशक्त तितका पालेभाजीचा हा संबंध ठळक. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, संबंध दाखवतो. पण मेथी, माठ, चाकवत यांना गरिबाचं खाणं समजून नाक मुरडणाऱ्यांनी विचार करावा असा तो आहे. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ या आग्रहालाही त्यात उत्तर आहे. आयसीएमआरच्या हिशेबानं गरोदर बाईला दिवसाला 350 उष्मांक जास्त लागतात. दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळीत ते भागतात.

त्याच गावांमधून आणखी एक गोष्ट पुढे आली, तिची चर्चा मात्र कमी होते. सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांत ज्यांच्या वाट्याला अंगमेहनत जास्त होती, त्यांची बाळं वजनानं कमी होती. बाईला बरं वाटू लागलं की खुरपणी आणि पाण्याची घागर पुन्हा तिच्याकडे येते. पालेभाजी खा हे सांगणं सोपं आहे, घागर दुसऱ्या कुणी उचलायची?

या काळात बाळाचे कान तयार होतात, आणि अभिमन्यूची आठवण कुणीतरी काढतंच. बेलफास्टच्या हेपर आणि शाहिदुल्ला यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आईच्या पोटावर वेगवेगळ्या पट्ट्यांतले आवाज ऐकवले. सर्वांत आधी दाद मिळाली ती एकोणिसाव्या आठवड्यात आणि सत्ताविसाव्यापर्यंत जवळजवळ सगळी बाळं खालच्या पट्टीतल्या आवाजांना हलून प्रतिसाद देऊ लागली. उंच पट्टीतले आवाज त्यानंतरचे. चक्रव्यूहाचं वर्णन कळायला भाषा लागते, ती तिथे नसते. आईच्या आवाजाची ओळख मात्र पुढच्या महिन्यांत पक्की होते आणि जन्मलेलं बाळ तिचा आवाज इतरांपेक्षा पसंत करतं, हे प्रयोगांनी दिसलं आहे. चवीचं तर त्याहून मजेदार. अमेरिकेत जुली मेनेला यांनी गर्भजलाच्या तपासणीसाठी आलेल्या काही बायकांना आधी लसणाच्या कॅप्सूल दिल्या, काहींना नुसत्याच. नंतर त्या पाण्याचा वास घेणाऱ्यांना बहुतेक जोड्यांत लसूण ओळखू आला. बाळ हे पाणी गिळत असतं. लसणाच्या चटणीची ओळख आपल्याकडे केव्हा होत असेल, याचा अंदाज करावा.

अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी ही या महिन्यांतली सर्वांत महत्त्वाची तपासणी. हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, मेंदू असं सगळं तेव्हा नीट दिसण्याइतकं मोठं झालेलं असतं. ती वेळेत करण्यामागे कायद्याचंही कारण आहे. गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनंतर विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. पुढे अटी वाढत जातात आणि चोविसाव्यानंतर गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. उशिरा कळलेलं व्यंग म्हणजे कागदपत्रांच्या धावपळीत गेलेले आठवडे. मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे, आणि तसा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, महाराष्ट्रानं केला.

राहिली साखर. वारेतून येणारी काही संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतात, म्हणजे साखर रक्तात रेंगाळते आणि बाळाला मिळते. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून हे निभावून नेतं. जिचं नेत नाही, तिलाही काहीच जाणवत नाही. तहान नाही, थकवा नाही. म्हणून 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. भारतात रूढ असलेल्या पद्धतीत त्यासाठी उपाशी पोटी यावं लागत नाही, लांबच्या पाड्यावरून येणारीसाठी हे फार सोयीचं. 140 किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. डोहाळजेवणाच्या पेढ्यांचे आणि या तपासणीचे दिवस नेमके लागून येतात. मात्र अहवाल आल्यावर बहुतेक घरं आहार, चालणं, गरज पडली तर औषध, हे सगळं मनापासून पाळतात. चुकतं ते पुढे. बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते, आणि सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करायची असते, कारण या बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तोवर बाळाच्या लसीची तारीख सगळ्या घराला पाठ असते. आईच्या चाचणीची तारीख विचारली, तर ती म्हणते, ‘आता बरंय की मला.’