हाकीम आणि खाखाम

हिब्रू शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला 'ओशेर' म्हणजे सुख आणि 'ओशेर' म्हणजेच संपत्ती असे सांगितले, की एकाच शब्दाला हे दोन अर्थ असावेत अशी त्याची प्रथम समजूत होते. परंतु दोन्ही शब्द कागदावर मांडले म्हणजे पहिल्याच्या आरंभी आलेफ हे अक्षर आणि दुसऱ्याच्या आरंभी आयिन दिसते, आणि दोहोंच्या धातूंचा परस्परांशी काडीमात्र संबंध नसल्याचे ध्यानी येते.

आयिनचा उच्चार प्राचीन काळी घशाच्या तळातून होत असे आणि येमेनी ज्यूंच्या पठनात तो अद्याप कानी पडतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ज्यांनी ही भाषा घरात आणि बाजारात पुन्हा बोलती केली, त्यांपैकी बहुतेक युरोपातून आलेले असल्यामुळे त्यांच्या जिभेला आयिनसारखे ध्वनी अपरिचित होते. परिणामी आलेफ-आयिन, तेत-ताव, काफ-कोफ, खेत-खाफ या जोड्या नित्याच्या बोलण्यात एकरूप झाल्या, आणि जुना भेद लेखनात मात्र दप्तरातील दस्तऐवजासारखा शाबूत राहिला. आपल्या 'श' आणि 'ष' यांची गत याहून निराळी नाही.

कानाला मदत होते ती वाक्यरचनेची. 'कानीती एत हा-एत', म्हणजे 'मी लेखणी विकत घेतली', या वाक्यातील पहिला 'एत' हा निश्चित कर्मापूर्वी येणारा निव्वळ अव्यय आहे, तर 'हा' या उपपदामागून येणारा दुसरा 'एत' ही लेखणी होय. 'काळ' या अर्थाचा तिसराही 'एत' आहे. तो स्त्रीलिंगी आणि लेखणी पुल्लिंगी, म्हणून सोबतचे विशेषण कोणते रूप घेते ते पाहावे.

लेखनासाठी मराठी माणसापाशी एक खास साधन आहे, आणि त्याचा उपयोग पुरेसा होत नाही असे मला मनापासून वाटते. हिब्रूत ज्ञानी पुरुषाला 'खाखाम' म्हणतात. दोन्ही 'ख' कानाला तंतोतंत सारखे, पण अक्षरे भिन्न. आता आपले 'हाकीम', 'हकीम', 'हुकूम' हे शब्द आठवावेत. फारसी अमदानीत आपल्याकडे आलेले हे शब्द ज्या अरबी धातूचे, तो हिब्रू धातूचा सख्खा भाऊ. मराठीने 'ह' आणि 'क' वेगळे राखले, म्हणून पहिले अक्षर खेत आणि दुसरे खाफ, हे घोकंपट्टीवाचून उमगते. काफ आणि कोफ यांच्यासाठी मराठीने एकच 'क' राखला, म्हणून तेथे शब्दाचे अरबी मूळ पाहावे लागते: उभे राहण्याचा 'काम' हा धातू आपल्या 'कायम'चा नातलग म्हणून कोफने सुरू होतो, आणि लिहिण्याचा 'कातव' हा 'किताब'चा म्हणून काफने. अरबीत या दोहोंचे 'क' आजही निराळे आहेत.

आयिनपाशीही मराठी लेखनाची किल्ली चालत नाही. 'अमल' मूळ अरबीत ऐनचा आणि 'अमीर' अलिफचा, पण आपल्या कारकुनांनी दोन्ही एकाच 'अ'ने लिहिले. त्यामुळे हिब्रूतील 'अमाल' म्हणजे श्रम आणि 'अमार' म्हणजे तो म्हणाला, यांची आद्याक्षरे वहीत दोन रकाने आखून, हाताने गिरवूनच पाठ करावी लागतात.