रुपया पडला की एक्स्पोर्टवाल्यांची चांदी? थांबा, आधी हिशोब बघा



डॉलर वर गेला की मला एकच प्रश्न येतो. "सर, एक्स्पोर्ट सुरू करायला हीच वेळ ना?"

कागदावर हे बरोबर वाटतं. रुपया स्वस्त झाला की आपला माल परदेशात स्वस्त पडतो आणि तिथला ग्राहक जास्त घेतो. बाहेरचा माल आपल्याला महाग पडतो, म्हणून आपण कमी घेतो. देशाची व्यापार तूट आपोआप कमी. पण हे लगेच होत नाही, आणि बऱ्याचदा आधी उलटंच होतं.

समजा देश १०० डॉलरचा माल आणतो आणि ७० डॉलरचा विकतो. डॉलर ६० रुपये असताना तूट १,८०० रुपये. उद्या डॉलर ६६ झाला. ऑर्डरी त्याच, माल तेवढाच, पण तूट झाली १,९८० रुपये! कोणी काहीच बदललं नाही, तरी खड्डा वाढला. कारण किंमत एका दिवसात बदलते, पण खरेदीच्या सवयी बदलायला महिने लागतात. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, खाद्यतेलही निम्म्याहून जास्त. महाग झालं म्हणून टेम्पो उभा ठेवता येतो का? फोडणी बंद होते का?

विकण्याच्या बाजूलाही तसंच. नाशिकच्या बागायतदाराला ऑगस्टमध्ये डॉलर चढलेला दिसला तरी ऑक्टोबरची छाटणी ऑक्टोबरलाच होणार आणि माल पुढच्या वर्षीच निघणार. वेल काही डॉलरचा रेट बघून घड देत नाही.

आता खरं उदाहरण, २०१३ चं. मे महिन्यात ५४-५५ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या वर गेला. २०१२-१३ मध्ये देशाची चालू खात्यातली तूट, म्हणजे माल, सेवा आणि परदेशातून घरी येणारा पैसा सगळं धरून, जीडीपीच्या ४.८ टक्के होती. पुढच्या वर्षी ती १.७ टक्क्यांवर आली. बघा, रुपया पडला आणि काम झालं, असं वाटेल. पण आत डोकावा. मालाची निर्यात सुमारे ३०० अब्ज डॉलरवरून ३१४ अब्जांवर गेली, म्हणजे पाच टक्केही वाढली नाही. सोन्याची आयात मात्र जवळपास निम्म्यावर आली. का? सरकारने सोन्यावरची ड्युटी जानेवारीत ६ आणि ऑगस्टपर्यंत १० टक्के केली, शिवाय आणलेल्या सोन्यातला पाचवा हिस्सा निर्यातीसाठी ठेवायची अट आली. माझ्या मते मोठं काम या ब्रेकने केलं, रुपयाने थोडं. (सराफा बाजारातल्या कोणालाही विचारा, ते वर्ष त्यांना पाठ असेल.)

हाच हिशोब आता तुमच्या धंद्याला लावा. तुम्ही लोणचं २ डॉलरला बरणी विकता. डॉलर ८० चा ८५ झाला, तर बरणीमागे १० रुपये जास्त आले. छान! पण तेल महागलं, प्लास्टिकचा दाणा कच्च्या तेलाबरोबर वर गेला, जहाजाचं भाडं तर डॉलरमध्येच. त्यात समोरचा बायर हुशार असतो, तोही डॉलर बघतोच. पुढच्या ऑर्डरला म्हणतो, "तुम्हाला रुपये जास्त मिळतायत, रेट कमी करा." त्या दहापैकी हातात तीन उरले तरी नशीब समजा. ज्याचा कच्चा माल, मजुरी, सगळं इथलंच आहे, त्याला खरा फायदा. हळद, गूळ, हातमागवाले यात येतात. बाहेरून पार्ट आणून इथे जोडणाऱ्याच्या एका खिशात येतं आणि दुसऱ्यातून जातं.

म्हणून एक्स्पोर्टचा विचार असेल तर आज एक वही घ्या. खर्चाची प्रत्येक ओळ लिहा आणि डॉलर वाढला की जी वाढते तिच्यापुढे खूण करा. निम्म्याहून जास्त खर्च खुणेचा निघाला, तर कोटेशनवर "दर १५ दिवसांपुरताच" असं स्पष्ट लिहा आणि मोठी ऑर्डर असेल तर बँकेत फॉरवर्ड बुकिंगची चौकशी करा. आणि कोटेशन काढताना डॉलर आजच्यापेक्षा दोन-तीन रुपये खाली धरा, कारण तो परत खालीही येतो.