प्रवाळद्वीपांची उत्पत्ती व तेथील जीवसृष्टी

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची बनलेली आहेत, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. परंतु इवलासा जीव समुद्रात बेट कसे बांधतो, ही जिज्ञासा बहुधा अतृप्तच राहते. विंचूरसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो तसा नाही. विंचूर परिसरातील विहिरी ज्या काळ्या पाषाणात खोदलेल्या आहेत, त्या पाषाणाचे आणि लक्षद्वीपच्या पायाचे मूळ एकच आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील एका उष्णस्थानातून लाव्हारसाचे थरांवर थर बाहेर पडले व दख्खनचे पठार तयार झाले. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला. उष्णस्थान मागे राहिले. त्यातून पुढे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उभी राहिली. लक्षद्वीप, मालदीव व चागोस ही बेटे याच बुडालेल्या रांगेवर वसलेली आहेत. ते उष्णस्थान आज हिंदी महासागरातील रेयुनियन बेटाखाली आहे.

या पायावर इमारत चढविली ती प्रवाळांनी. प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. त्याचे शरीर लहानशा पिशवीसारखे असून तोंडाभोवती स्पर्शकांचे वर्तुळ असते. समुद्रजलातील द्रव्यांपासून तो चुन्याचे घर बनवितो. जुन्या पिढीच्या घरांवर नवी पिढी घरे बांधते. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून प्रवाळास देते व मोबदल्यात आश्रय मिळविते. म्हणूनच भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना उबदार, स्वच्छ व उथळ पाणी लागते. दागिन्यातील तांबडे पोवळे मात्र मुख्यतः भूमध्य समुद्रातील निराळ्या जातीचे असून ती जात अशा भित्ती बांधीत नाही.

बेट कंकणाकृती का होते, याचा उलगडा चार्ल्स डार्विन याने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. प्रथम ज्वालामुखी बेटाच्या काठाला लागून प्रवाळभित्ती तयार होते. बेट हळूहळू खचू लागते. प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वर वाढत राहतात. भित्ती व बेट यांच्यामध्ये पाणी शिरते. अखेरीस बेट बुडते आणि उथळ खारकच्छाभोवती भित्तीचे कडे तेवढे उरते. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे छिद्रे पाडली असता सुमारे १,४०० मीटर जाडीच्या चुनखडकाखाली ज्वालामुखीचा खडक लागला व या उपपत्तीस भक्कम पुरावा मिळाला.

लक्षद्वीपच्या बेटांची एकूण जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे. खारकच्छांचे क्षेत्र मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. तेथे कासवे, अष्टपाद, समुद्रकाकड्या, शिंपले व नाना रंगांचे मासे नांदतात. पोपटमासा प्रवाळखडक खरवडतो आणि त्याच्या विष्ठेतून पांढरी वाळू पडते. खारकच्छातील लहान मासे जिवंत आमिष म्हणून वापरून तेथील कोळी गळाने कुपा मासा धरतात. अशा रीतीने पायाखालची भूमी व ताटातील अन्न ही दोन्ही प्रवाळांचीच देणगी होय.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ आढळतात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येऊन पाणी गढूळ होते. तेथे लक्षद्वीपसारखी विस्तीर्ण भित्ती उभी राहिलेली नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर, स्वच्छ पाण्यात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. त्यावर प्रवाळांची समृद्ध वसाहत आहे.

समुद्राचे तापमान नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एकदोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. पाणी लवकर निवले तर ते सावरतात, एरवी मरतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या वर्षी असे घडले. भित्ती मेली की लाटा तिला झिजवितात आणि समुद्रसपाटीपासून थोड्याच मीटर उंचीची बेटे उघडी पडतात.

वर्गात हा पाठ साध्या साधनांनी देता येईल. घमेल्यात एक काळा दगड ठेवून त्याच्याभोवती ओल्या मातीचे कडे करावे. थोडे पाणी ओतावे व कडे तेवढेच उंचवावे. असे करीत गेल्यास दगड दिसेनासा होतो व कडे उरते. निसर्गात पाणी चढले नसून दगड खचला आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. नंतर काळ्या रानातील चुनखडीची पूड करून तीवर लिंबाचा रस टाकावा, फेस येतो. प्रवाळाचे घर याच जातीच्या द्रव्याचे असते. शाळेच्या संग्रहासाठी खरे प्रवाळ मात्र मागवू नयेत. भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत; आणि मुलांना जे जपावयास शिकवावयाचे, तेच तोडून कपाटात ठेवणे शिक्षणास शोभणारे नाही.