सजातीय पदांचे एकीकरण : जातीचा निर्णय कशावर?

बैजिक राशीचे सरलीकरण करताना सजातीय पदे एकत्र करावीत, हा नियम विद्यार्थ्याच्या इतक्या लवकर अंगवळणी पडतो की त्यास काही कारण आहे, याचे पुढे विस्मरणच होते. नियम प्राचीन आहे. अव्यक्त, त्याचा वर्ग, घन इत्यादींपैकी समान राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी व असमान राशी पृथक् ठेवाव्यात, असे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त सांगितले आहे.

शाळेत हा नियम आंबे व केळी यांच्या दृष्टान्ताने शिकविला जातो. दृष्टान्त सोयीचा खरा, परंतु फसवा. ‘य’ हे फळ नव्हे, ती संख्या आहे; य = २ व र = ३ असता ३य + २र यांची बेरीज १२ होतेच. ३य + ५य = ८य होण्याचे कारण वितरण नियम हे होय. ३य + २र तसेच राहते, कारण य व र यांच्यात कोणताही संबंध गृहीत धरलेला नसतो.

या दृष्टीने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील करणीप्रकरण मननीय आहे. तेथे २ व ८ या करणींची बेरीज विचारली आहे. दोहोंची बेरीज १०. गुणाकार १६, त्याचे मूळ ४, त्याची दुप्पट ८. म्हणून योगकरणी १८ व अंतरकरणी २. आजच्या लेखनात √२ + √८ = √१८. तसेच ३ व २७ यांपासून ४८ व १२ मिळतात. परंतु ३ व ७ यांचा गुणाकार २१ असून त्यास मूळ नाही. सबब त्या करणी पृथक् ठेवावयाच्या. √२ व √८ दिसण्यात भिन्न, पण जातीने एक! गुणाकार पूर्ण वर्ग असेल तरच दोन करणींचे गुणोत्तर परिमेय असते. कसोटीचे मर्म एवढेच.

तेव्हा जात ही पदाच्या रूपावर नव्हे, तर कोणते सहगुणक अनुज्ञेय मानले यावर ठरते. परिमेय सहगुणक घेतल्यास √३ व √७ विजातीय. सर्व वास्तव संख्या सहगुणक म्हणून चालत असतील, तर सजातीय. अव्यक्तावर एखादा निर्बंध आला तरीही जात पालटते : य² = २ असल्यास य³ + ५य याचे ७य होते.

बहुपदींच्या बाबतीत, निर्बंध नसता, ही प्रक्रिया निर्णायक आहे. सजातीय पदे एकत्र केल्यावर सर्व सहगुणक शून्य झाले तरच बहुपदी शून्य. हे भाग्य सर्व राशींच्या वाट्यास येत नाही. परिमेय संख्या, π, २ चा नैसर्गिक लॉगरिदम व एक चल यांपासून बेरीज, गुणाकार, संयोजन, ज्या, घातांकी फल व केवल मूल्य यांच्या योगे बनलेल्या राशी घेतल्या, तर त्यांपैकी दिलेली राशी सर्वत्र शून्य आहे किंवा नाही हे ठरविणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही, असे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केले.