फायनल, नवीन फायनल आणि २.४.१

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमधला कुठलाही पेनड्राइव्ह उघडा. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘फायनल २’ अशी फोल्डरांची रांगच दिसते. यातलं चालणारं कोणतं, हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही! व्हर्जन नंबर लागतो तो यासाठी.

सर्वांत प्रचलित पद्धत तीन आकड्यांची. समजा, आपला प्रोग्राम २.४.१ आहे. नुसती चूक दुरुस्त केली, तर २.४.२. जुनं न मोडता नवी सोय दिली, तर २.५.०. आणि आपल्यावर विसंबलेले इतरांचे प्रोग्राम बंद पडतील असा बदल केला, तर थेट ३.०.०. म्हणजे पहिला आकडा वाढला की जरा सांभाळून! आणि हो, हे दशांश अपूर्णांक नव्हेत. २.९ नंतर २.१० येतं.

सगळेच हे पाळतात असं नाही. २०११ मध्ये लिनक्स कर्नेल २.६.३९ वरून ३.० वर गेलं, ते आकडे फार वाढले म्हणून. आत मोठा बदल नव्हता.

माझ्या मते एक नियम मात्र कधीच मोडू नये. एकदा वाटलेला नंबर पुन्हा वापरायचा नाही. एका ओळीचा बदल असला तरी नवा नंबर द्यायचा. नाहीतर दोघांकडे २.४.१ असतं, एकाचं चालतं, दुसऱ्याचं नाही, आणि चूक शोधायची कुठे तेच कळत नाही. गिटमध्ये त्या क्षणाच्या कोडला नंबराचा टॅग लावून ठेवा. व्हायव्हाच्या आदल्या रात्री काही बिघडलंच, तर कालचं चालणारं व्हर्जन मिनिटात परत मिळतं.